दोन संख्या सारख्या केव्हा मानायच्या? जावातल्या इक्वल्स आणि हॅशकोडचा आढावा

जावाच्या मूळ लायब्ररीत नंबर नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे 1996 पासून आहे. इंटिजर, लाँग, डबल, बिगइंटिजर, बिगडेसिमल हे सगळे त्याच्याच घराण्यातले. हा क्लास उघडून पाहिला तर त्यात फक्त रूपांतराच्या मेथड सापडतात: आतली किंमत इंट म्हणून द्या, लाँग म्हणून द्या, डबल म्हणून द्या. दोन संख्या सारख्या आहेत का हे सांगणारी इक्वल्स तिथे लिहिलेली नाही, हॅशकोड नाही, लहान-मोठे ठरवणारी कंपेअरटू तर नाहीच. ऑब्जेक्ट या मूळपुरुषाकडून आलेली इक्वल्स 'हा तोच ऑब्जेक्ट आहे का' एवढेच पाहते. पुढचा निर्णय प्रत्येक वारसाने आपापला घेतला, आणि तो सगळ्यांनी एकसारखा घेतलेला नाही. अपूर्णांकाचा, संमिश्र संख्येचा किंवा पैशांच्या रकमेचा स्वतःचा क्लास लिहायला बसणाऱ्याला त्यामुळे गिरवायला एकच कित्ता मिळत नाही. चार-पाच मिळतात, आणि त्यातला कुठला आपल्या कामाचा हे ज्याचे त्याला ठरवावे लागते.

ते सगळे नमुने शेजारी ठेवून पाहिले की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. इक्वल्समध्ये जी गुंतागुंत दिसते तिचे मूळ बहुतेक वेळा कन्स्ट्रक्टरमध्ये असते. एकाच किमतीची दोन रूपे ऑब्जेक्टमध्ये शिरू दिली की पुढे इक्वल्स आणि हॅशकोड या दोघांनाही ती निस्तरत बसावे लागते. दारातच एक रूप पक्के केले तर दोन्ही मेथड दोन-तीन ओळींत संपतात.

आधी करार पाहू. इक्वल्सने पाळायच्या अटी ऑब्जेक्ट क्लासच्या दस्तऐवजातच लिहिल्या आहेत. प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःशी समान असावा. अ हा ब-शी समान असेल तर ब हाही अ-शी समान असावा. अ आणि ब समान, ब आणि क समान, तर अ आणि क समान असलेच पाहिजेत. आत काही बदलले नसेल तर कितीही वेळा विचारा, उत्तर तेच यावे. नलशी तुलना केली तर उत्तर नेहमी 'नाही'. हॅशकोडवर मुख्य बंधन एकच: इक्वल्सने ज्यांना समान म्हटले त्यांचे हॅशकोड समान हवेत. उलट बाजूने बंधन नाही. हॅशकोड जुळला म्हणून ऑब्जेक्ट समान असायची गरज नाही. टपाल कचेरीत पत्रे आधी पिनकोडप्रमाणे खणांत पडतात आणि मग पूर्ण पत्ता वाचला जातो, तसे हॅशमॅप आधी हॅशकोडवरून बकेट गाठतो आणि मग तिथे इक्वल्स विचारतो. पिनकोडच चुकला तर पत्ता कितीही अचूक असो, पत्र त्या खणात सापडणार नाही. हॅशमॅप तर बकेटमध्ये पोहोचल्यावरही आधी साठवलेला हॅशकोड जुळतो का ते पाहतो आणि जुळला तरच इक्वल्सकडे जातो. म्हणून नुसती इक्वल्स लिहून हॅशकोड तसाच सोडणे म्हणजे काम अर्धे सोडणे, आणि हे अर्धे काम कंपायलर चालवून घेतो.

इंटिजर आणि लाँग यांनी सोपी वाट धरली. इंटिजरची इक्वल्स पहिल्यांदा समोरचा ऑब्जेक्ट इंटिजर आहे का ते पाहते आणि मगच किंमत ताडते. त्यामुळे इंटिजर 5 आणि लाँग 5 इक्वल्सच्या लेखी वेगळे. शाळेच्या गणितात वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जाते, आणि प्रत्यक्ष कामात याचे चटके बसतात. एखाद्या मॅपच्या की लाँग प्रकारच्या आहेत आणि कोणी त्यात नुसता 5 टाकून शोध घेतला, तर तो 5 इंटिजर होऊन जातो. शोध घेणारी गेट ही मेथड कुठलाही ऑब्जेक्ट स्वीकारते, म्हणून कंपायलर काही बोलत नाही, आणि हाती नल येतो. जॅक्सनसारखी लायब्ररी प्रकार न सांगता जेसन वाचते तेव्हा लहान पूर्णांक इंटिजर म्हणून येतो, इंटमध्ये मावत नसेल तर लाँग, त्याहून मोठा असेल तर बिगइंटिजर. म्हणजे एकाच फील्डची किंमत वाढली की तिचा क्लास बदलतो आणि काल चालणारी तुलना आज फसते.

याच जातीचा एक छोटा प्रयोग प्रत्येकाने करून पाहावा. शॉर्ट प्रकारच्या संख्यांचा एक हॅशसेट घ्या. 0 पासून 99 पर्यंत लूप चालवा, लूपचे चलही शॉर्टच ठेवा. प्रत्येक फेरीत ते चल सेटमध्ये घाला आणि लगेच त्यातून एक वजा करून येणारी संख्या काढून टाका. शेवटी सेटमध्ये एकच संख्या उरेल असे वाटते. उरतात 100. शॉर्टमधून एक वजा केला की जावात उत्तर इंट येते, काढून टाकायला इंटिजर जातो, आणि इंटिजर कुठल्याच शॉर्टशी समान नसतो. एकही संख्या निघत नाही, एकही चूक दाखवली जात नाही.

दोन बरोबर-चिन्हांनी (==) केलेली तुलना हा यातला वेगळा पण शेजारचा खड्डा. 2004 मध्ये जावा 5 ने ऑटोबॉक्सिंग आणले आणि इंट व इंटिजर यांच्यातली भिंत नजरेआड झाली. भाषेच्या नियमाप्रमाणे -128 ते 127 या टप्प्यातल्या संख्यांचे बॉक्स केलेले ऑब्जेक्ट राखून ठेवलेले असतात. म्हणून बॉक्स केलेले दोन 127 या चिन्हाने समान दिसतात आणि दोन 128 नेहमीच्या मांडणीत दिसत नाहीत. लहान आकड्यांवर चाचणी करून कोड पुढे गेला की ही चूक अनेक महिने झोपून राहू शकते. बॉक्स केलेल्या संख्यांसाठी इक्वल्स, यात तडजोड नाही.

लाँगच्या हॅशकोडची रीत जवळून पाहण्यासारखी आहे, कारण स्वतःचा क्लास लिहिताना आपण तिचीच नक्कल करतो. 64 बिटांतले वरचे 32 आणि खालचे 32 घेऊन त्यांचा एक्सॉर करायचा. लहान धन संख्यांचे वरचे बिट शून्य असतात, म्हणून लाँग 4 चा हॅशकोड 4 येतो, इंटिजर 4 सारखाच. ऋण बाजूला मात्र वरचे सगळे बिट एक असतात, ते खालचे बिट उलटवून टाकतात. लाँग -1 चा हॅशकोड येतो 0, तर इंटिजर -1 चा -1. लाँग -5 चा येतो 4, म्हणजे लाँग 4 शी थेट टक्कर. करार यातून मोडत नाही, कारण हे ऑब्जेक्ट समान नाहीतच. पण शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या लाँग की असतील तर प्रत्येक धन संख्येला एक ऋण जोडीदार त्याच हॅशकोडवर येऊन बसतो, हे ठाऊक असलेले बरे.

डबलकडे आलो की प्रकरण गंभीर होते, कारण तिथे दोन प्रमाणांची गाठ पडते. 1985 मध्ये ठरलेल्या आयईईई 754 प्रमाणाप्रमाणे 'संख्या नव्हे' ही खास किंमत, नॅन, स्वतःशीही समान नसते, आणि धन शून्य व ऋण शून्य समान असतात. जावाचे == हेच पाळते. आता इक्वल्सने तेच पाळले असते तर पहिलीच अट मोडली असती: नॅन स्वतःशी समान नाही म्हणजे हॅशसेटमध्ये घातलेला नॅन शोधून सापडायची खात्री नाही. म्हणून डबलची इक्वल्स बिटांचा नमुना ताडते. नॅनचे सगळे नमुने आधी एकाच ठरावीक नमुन्यात आणले जातात, त्यामुळे नॅन नॅनशी समान ठरतो. धन शून्य आणि ऋण शून्य यांचा चिन्हाचा बिट वेगळा, म्हणून ते असमान ठरतात. पहिल्याचा हॅशकोड 0, दुसऱ्याचा -2147483648. दोन्ही बाबतींत इक्वल्सचे उत्तर == च्या नेमके उलट. मला ही निवड योग्य वाटते: अंकगणिताला एक नियम लागतो, साठवणुकीला दुसरा, आणि जावाने दोन्ही नियम दोन वेगळ्या खुणांना देऊन टाकले.

स्वतःच्या क्लासमध्ये डबलचे फील्ड असेल तर याचा थेट परिणाम होतो. संमिश्र संख्येच्या क्लासमध्ये वास्तव आणि काल्पनिक भाग == ने ताडले आणि हॅशकोड मात्र डबलच्या मेथडने काढला, तर धन आणि ऋण शून्याच्या दोन संख्या समान ठरतात आणि त्यांचे हॅशकोड वेगळे येतात. करार तिथेच मोडला. आणि ऋण शून्य ही काही दुर्मीळ चीज नाही. -0.3 ला मॅथ क्लासच्या सील मेथडने वर पूर्णांकात नेले की ऋण शून्यच येतो; ऋण संख्येला शून्याने गुणले तरी तोच. फील्ड ताडायला डबलची कंपेअर मेथड वापरली तर इक्वल्स आणि हॅशकोड एका सुरात येतात. आणि दोन शून्ये समानच मानायची असतील, संमिश्र संख्यांत बहुधा तीच अपेक्षा असते, तर कन्स्ट्रक्टरमध्ये प्रत्येक भागात 0.0 मिळवावा. ऋण शून्य अधिक धन शून्य म्हणजे धन शून्य. बाकी कुठल्याही किमतीला धक्का लागत नाही. एका बेरजेने दुसरे रूप दारातच थांबते.

डबलच्या हॅशकोडची आणखी एक खोड आहे. 1.0 चा हॅशकोड 1072693248, 2.0 चा 1073741824, 3.0 चा 1074266112. आकडे भारदस्त दिसतात, पण लहान पूर्णांकांसारख्या डबल संख्यांची सगळी माहिती वरच्या बिटांत असते आणि खालचे बिट शून्यच राहतात. हॅशमॅप बकेट ठरवतो खालच्या बिटांवरून. सोळा बकेटच्या तक्त्यात ही तिन्ही गिऱ्हाइके एकाच बकेटच्या दारात उभी राहिली असती. म्हणून हॅशमॅप आलेल्या हॅशकोडचे वरचे 16 बिट खालच्यांत एक्सॉर करून घेतो, आणि त्याच्या सोर्समधल्या टिपणीत लागोपाठच्या पूर्णांक फ्लोट संख्यांचे उदाहरण दिलेलेच आहे. तेवढ्यानेही 1.0 आणि 2.0 एकाच बकेटमध्ये राहतात, फक्त 3.0 सुटतो. जावा 8 पासून एका बकेटमध्ये फार गर्दी झाली की तिथे यादीऐवजी वृक्ष होतो, त्यामुळे वाईटात वाईट स्थितीही पूर्वीइतकी महाग पडत नाही.

सगळ्यात जास्त वाद बिगडेसिमलवर होतात, आणि ते रास्तही आहे, कारण पैशांचे हिशेब त्याच्यावर चालतात. बिगडेसिमल दोन गोष्टी साठवतो: दशांशचिन्ह काढून टाकलेली पूर्णांक संख्या आणि दशांश स्थळांची संख्या, म्हणजे स्केल. 2.0 म्हणजे 20 आणि स्केल 1. 2.00 म्हणजे 200 आणि स्केल 2. इक्वल्स दोन्ही ताडते, म्हणून 2.0 आणि 2.00 असमान. हॅशकोडही दोन्हींतून बनतो: पूर्णांकाचा हॅशकोड 31 ने गुणून त्यात स्केल मिळवायचे. 2.0 चा 621, 2.00 चा 6202. कंपेअरटू मात्र फक्त किंमत पाहते आणि दोघांना समान म्हणते. परिणाम असा, की हे दोन आकडे हॅशसेटमध्ये घातले तर दोन राहतात, ट्रीसेटमध्ये घातले तर एकच राहतो. डेटाबेसमधल्या दोन दशांशांच्या कॉलममधून 250.50 रुपये आले, वापरकर्त्याने 250.5 टाइप केले, आणि इक्वल्सने सांगितले की रक्कम बदलली आहे. रकमा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक वारंवार भेटते.

तरीही बिगडेसिमलला मी दोष देत नाही. दोन ऑब्जेक्ट समान म्हणायचे तर एकाच्या जागी दुसरा ठेवला तरी उत्तर बदलू नये, ही समानतेची खरी कसोटी. बिगडेसिमल त्या कसोटीवर उत्तर देतो. 2.0 ला 3 ने भागा आणि अर्ध्याला वर नेणारी राउंडिंग सांगा, उत्तर येते 0.7. 2.00 ला तसेच भागा, उत्तर 0.67. भागाकाराचे स्केल भाज्याच्या स्केलवरून ठरते, म्हणून शेवटचे शून्य इथे नुसते दिखाऊ राहत नाही, ते पुढच्या हिशेबात उतरते. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात हेच उदाहरण दिलेले आहे. सी-शार्पच्या डेसिमल प्रकाराने उलट निवड केली: छापताना 2.00 ची शून्ये टिकतात, पण इक्वल्स 2.0 आणि 2.00 ला समान मानते आणि हॅशकोडही एकच देते. दोन्ही निवडी आतून सुसंगत आहेत. घोटाळा होतो तो एकीची अपेक्षा ठेवून दुसरी वापरल्याने.

जावा ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये साठवणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीने इथे काय केले ते पाहणे उपयोगाचे आहे. डेटाबेसमधली ओळ बदलली आहे का हे तपासताना ते बिगडेसिमलची इक्वल्स वापरत नाही, कंपेअरटू वापरते, नाहीतर 250.5 चे 250.50 झाल्यावरही विनाकारण अपडेट गेले असते. पण समानता बदलली की हॅशकोडही बदलावा लागतो, म्हणून तिथे हॅशकोड संख्येच्या पूर्णांक भागावरून काढला जातो. 250.10 आणि 250.90 यांची टक्कर होते खरी, पण 250.5 आणि 250.50 यांचे हॅशकोड कधी फाटत नाहीत. आधी करार, मग वेग, हा क्रम त्यात दिसतो.

रकमेचा क्लास आपण स्वतः लिहीत असू तर माझा सल्ला स्पष्ट आहे. बिगडेसिमल आत घेतानाच त्याचे स्केल चलनाच्या नियमाप्रमाणे पक्के करावे. रुपयाला दोन स्थळे, येनला शून्य, कुवेती दिनारला तीन; जावाच्या करन्सी क्लासला हे ठाऊक असते. राउंडिंगची रीत 'अनावश्यक' अशी द्यावी, म्हणजे पैशाच्या खालचा अंश आला तर अपवाद फेकला जाईल आणि तो मुकाट्याने गिळला जाणार नाही. एकदा हे झाले की 250.5 आत येताच 250.50 होतो, इक्वल्स रक्कम आणि चलन साधेपणाने ताडते, हॅशकोड त्याच दोन फील्डांवरून निघतो. चलन नसलेल्या, नुसत्या मोजमापाच्या संख्या असतील तर शेवटची शून्ये झाडून टाकणारी स्ट्रिपट्रेलिंगझिरोज ही मेथड आहे. जावा 8 च्या आधी तिच्यात एक दोष होता: 0.00 ची शून्ये ती झाडत नसे, त्यामुळे शून्याचीच दोन रूपे शिल्लक राहत. जुन्या आवृत्तीवर चालणारा कोड सांभाळणाऱ्यांनी शून्याची वेगळी दखल घ्यावी.

आता अपूर्णांक. हा क्लास लिहून पाहणे हा या विषयातला सगळ्यात चांगला धडा आहे, कारण इथे तयार उत्तर मिळत नाही. अंश आणि छेद अशी दोन इंट फील्ड. 1/2 आणि 2/4 हे सममूल्य अपूर्णांक, ते समान ठरले पाहिजेत. शाळेतल्या सवयीने पहिला विचार येतो तिरकस गुणाकाराचा: 1 गुणिले 4 आणि 2 गुणिले 2 सारखे आले, म्हणजे समान. गुणाकार लाँगमध्ये केला तर इंटचा ओव्हरफ्लोही होत नाही. इक्वल्स म्हणून यात काही चूक नाही. पण मग हॅशकोड? अंश गुणिले 31 अधिक छेद असे नेहमीचे सूत्र लावले तर 1/2 ला 33 मिळतात आणि 2/4 ला 66. सोळा बकेटच्या तक्त्यात पहिला एक क्रमांकाच्या बकेटमध्ये जातो, दुसरा दोन क्रमांकाच्या. इक्वल्स समान म्हणते आणि हॅशसेट दोघांनाही ठेवून घेतो. बरोबर हॅशकोड हवा असेल तर त्या मेथडमध्ये मसावि काढून अपूर्णांक संक्षिप्त करावा लागेल, दर वेळी. मग तो कन्स्ट्रक्टरमध्येच एकदा का काढू नये?

तसे केले की बारीक कामे पुढे येतात आणि तीही तिथेच उरकतात. छेद शून्य असेल तर अपवाद. छेद ऋण असेल तर दोघांची चिन्हे उलटवायची, म्हणजे 1/-2 आणि -1/2 एकच होतील. अंश शून्य असेल तर 0/5 चे 0/1 व्हायला हवे. मसावि नीट काढला तर ते आपोआप होते. इंटमधल्या सगळ्यात लहान संख्येचे, म्हणजे -2147483648 चे, चिन्ह उलटवता येत नाही. नुसते वजा चिन्ह लावले तर तीच संख्या परत येते. जावा 8 पासून असलेली निगेटएक्झॅक्ट मेथड अशा वेळी अपवाद फेकते, तीच वापरावी. यानंतर इक्वल्स म्हणजे अंशाला अंश आणि छेदाला छेद. हॅशकोडमध्ये मात्र दोन्हींचा नुसता एक्सॉर करू नये, कारण मग 1/2 आणि 2/1, 3/7 आणि 7/3, प्रत्येक अपूर्णांक आणि त्याचा गुणाकार व्यस्त एकाच हॅशकोडवर येतात, आणि अपूर्णांकांच्या हिशेबात व्यस्त पावलोपावली लागतात. 31 ने गुणून मिळवले की अंश-छेदाचा क्रम हॅशकोडमध्ये उतरतो.

अपाची कॉमन्स लँग या लायब्ररीतल्या फ्रॅक्शन क्लासने वेगळी वाट निवडली आहे. तिथे 2/4 हा 2/4 म्हणूनच राहू शकतो, इक्वल्स त्याला 1/2 शी असमान मानते आणि कंपेअरटू समान मानते. दस्तऐवजात हे मोकळेपणाने लिहिलेलेही आहे. त्याच घराण्यातल्या कॉमन्स मॅथचा फ्रॅक्शन मात्र तयार होतानाच संक्षिप्त होतो. पहिल्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते, की काही ठिकाणी वापरकर्त्याने लिहिलेले रूप जपायचे असते. पण गणितासाठी अपूर्णांक वापरणाऱ्याला दुसराच हवा असतो, असे मला वाटते.

इथे एक मोह सगळ्यांना होतो: अपूर्णांक 2/1 हा इंटिजर 2 शी समान का ठरू नये? आपल्या इक्वल्समध्ये इंटिजरची तपासणी घालणे अगदी सोपे आहे. पण इंटिजरची इक्वल्स आपल्या हातात नाही. 2/1 ने इंटिजर 2 ला समान म्हटले तरी इंटिजर 2 त्याला समान म्हणणार नाही, आणि सममितीची अट मोडली. मग सेटमध्ये एखादी संख्या आहे का या प्रश्नाचे उत्तर कोणी कोणाला विचारले यावर अवलंबून राहते. असे उत्तर असण्यापेक्षा ठाम 'नाही' बरे.

हे दुसऱ्या टोकाला नेऊन पाहायचे तर पायथॉनकडे बघावे. तिथे 1, 1.0, अपूर्णांक 1 आणि दशांश 1 हे सगळे समान असतात आणि त्यांचे हॅशही समान असतात. पायथॉन 3.2 पासून 64 बिटांच्या यंत्रणेवर प्रत्येक संख्येचा हॅश 2 चा 61 वा घात वजा 1 या मूळ संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाकीतून काढला जातो. अपूर्णांकासाठी छेदाचा त्याच मूळ संख्येच्या हिशेबातला व्यस्त घेतला जातो. ही रचना सुंदर आहे. पण ती चालते कारण भाषेने हा नियम सगळ्या अंकप्रकारांवर एकदम बांधला आणि पूर्णांक-फ्लोट तुलनाही अचूक केली. जावातल्या == ने लाँग आणि डबल ताडले तर लाँगचे आधी डबल होते. डबलमध्ये 53 बिटांची अचूकता आहे. म्हणून 9007199254740993 हा लाँग 9007199254740992.0 या डबलशी समान ठरतो, 9007199254740992 हा लाँगही त्याच डबलशी समान ठरतो, आणि हे दोन लाँग आपसांत असमान. तिसरी अट तिथेच गेली. इक्वल्सने प्रकाराची भिंत ओलांडायची नाही असे जावाने ठरवले, ते मला याच कारणाने शहाणपणाचे वाटते.

बदलणाऱ्या संख्यांचे उत्तर मात्र अगदी थोडक्यात देता येते. ॲटॉमिकइंटिजर आणि ॲटॉमिकलाँग हेही नंबरचेच वारस, पण त्यांनी इक्वल्स आणि हॅशकोड मुद्दाम लिहिलेले नाहीत. जावा 8 मधल्या लाँगॲडरच्या दस्तऐवजात कारणही दिले आहे: किंमत बदलत राहणार, त्यामुळे की म्हणून यांचा उपयोग नाही. कॉमन्स लँगच्या म्यूटेबलइंटमध्ये मात्र दोन्ही मेथड किमतीवर लिहिल्या आहेत. तो हॅशमॅपची की म्हणून ठेवला आणि नंतर वाढवला, की नोंद मॅपमध्ये असूनही हाती लागत नाही. आपल्या संख्येची फील्ड फायनल ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

वारशाचा प्रश्नही तसाच. क्लासला उपक्लास निघू शकत असतील तर इक्वल्समध्ये इन्स्टन्सऑफ वापरायचे की दोन्ही क्लास नेमके एकच आहेत का हे पाहायचे, यावर जावाच्या जगात वर्षानुवर्षे चर्चा झाली. जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा' या 2001 मध्ये पहिल्यांदा निघालेल्या पुस्तकात दाखवले, की उपक्लासने नवे फील्ड जोडून ते इक्वल्समध्येही आणले तर करार शाबूत ठेवण्याचा सरळ मार्ग राहत नाही. संख्येच्या क्लासला हे ओझे घ्यायचे कारणच नाही. क्लास फायनल करा, इन्स्टन्सऑफ वापरा, विषय संपला. इंटिजर, लाँग, डबल फायनल आहेत. बिगइंटिजर आणि बिगडेसिमल नाहीत, आणि ती जुनी चूक आता जुन्या कोडशी सुसंगतता राखायची म्हणून दुरुस्त करता येत नाही.

जवळजवळ समान, म्हणजे 0.1 आणि 0.2 यांची बेरीज 0.30000000000000004 आली तरी ती 0.3 मानावी, अशी इक्वल्स लिहिण्याची इच्छाही वारंवार दिसते. फरक 0.01 पेक्षा कमी तर समान, असा नियम धरू. 1.000 आणि 1.008 समान, 1.008 आणि 1.016 समान, पण 1.000 आणि 1.016 असमान. शिवाय अशा साखळीने कुठलीही संख्या कुठल्याही संख्येपर्यंत पोहोचते, म्हणून सगळ्यांना एकच हॅशकोड द्यावा लागेल आणि हॅशमॅपचा अर्थच जाईल. सहिष्णुतेने केलेली तुलना हवीच असते, पण तिला वेगळ्या नावाची मेथड द्यावी आणि किती फरक चालेल तो तिच्याकडे पॅरामीटर म्हणून द्यावा.

2021 मध्ये जावा 16 बरोबर कायम झालेल्या रेकॉर्ड या क्लासच्या प्रकारामुळे हाताने लिहायचे बरेच कमी झाले. इक्वल्स आणि हॅशकोड आपोआप मिळतात, डबलचे घटक डबलच्या कंपेअर मेथडच्याच नियमाने ताडले जातात, आणि कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये अपूर्णांक संक्षिप्त करून घेता येतो. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रेकॉर्ड नंबरचा वारस होऊ शकत नाही, कारण त्याला रेकॉर्ड हा एकच पूर्वज असतो. नंबर म्हणून कुठे द्यायचा असेल तर साधा फायनल क्लासच लिहावा लागेल. आणि घटक बिगडेसिमल असेल तर 2.0 आणि 2.00 चा भेद रेकॉर्डमध्येही तसाच उतरतो. रेकॉर्डने टंकलेखन वाचवले. निर्णय आपल्याकडेच आहे.

चाचणी लिहिताना नुसती दोन सारखी आणि दोन वेगळी उदाहरणे पुरत नाहीत. अपूर्णांकासाठी 1/2, 2/4, -1/-2 एका गटात, 0/1 आणि 0/-7 दुसऱ्या गटात ठेवावेत, गटातला प्रत्येक प्रत्येकाशी दोन्ही बाजूंनी समान आहे आणि हॅशकोडही जुळतो हे पाहावे, आणि गटाबाहेरच्या कोणाशी, इंटिजर 0 शीसुद्धा, समान नाही हेही पाहावे. ग्वाव्हा लायब्ररीतला इक्वल्सटेस्टर नेमका असेच गट मागतो. इक्वल्सव्हेरिफायर ही लायब्ररी फील्ड वाचून स्वतःच उदाहरणे तयार करते आणि बिगडेसिमलचे फील्ड दिसले की स्केलबद्दल हटकते. बिगडेसिमलच्या उत्तरांसाठी ॲसर्टजे या चाचणीच्या लायब्ररीतली कंपेअरटूने ताडणारी मेथड वापरली तर 2.0 आणि 2.00 वरून चाचण्या विनाकारण लाल होत नाहीत.

पुढे काय येऊ घातले आहे तेही पाहू. न्यू लिहून इंटिजर तयार करणारे कन्स्ट्रक्टर जावा 9 मध्येच नको ठरवले गेले आणि जावा 16 मध्ये ते काढून टाकण्याच्या यादीत गेले. जावाच्याच वलहल्ला प्रकल्पाच्या जेईपी 401 या प्रस्तावात ओळख नसलेले, फक्त किंमत असलेले ऑब्जेक्ट आहेत, आणि त्यांच्यासाठी == फील्डमधल्या किमतीच ताडते. इंटिजर तसा झाला की बॉक्स केलेले दोन 128 त्या चिन्हानेही समान दिसतील आणि वीस वर्षांचा एक खड्डा बुजेल. ही तुलना आपली इक्वल्स वाचत नाही, साठवलेली फील्डच पाहते. अपूर्णांकाचा क्लास तसा घोषित केला आणि कन्स्ट्रक्टरने मसावि काढला नसेल, तर 1/2 आणि 2/4 तिच्या लेखी वेगळेच राहतील, मग इक्वल्समध्ये तिरकस गुणाकार कितीही बिनचूक लिहिलेला असो.